ए तारेची खुंटी आणि भिंतीतली चीर

श्रावणात पाऊस लागून राहिला की मडगावला माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बहुतेक व्हायोलिनं खुंट्यांपायी, म्हणजे तार ताणून स्वर लावायच्या खुंट्यांपायी, आलेली असतात. एकाची खुंटी फिरत नाही, दुसऱ्याची जागेवर राहत नाही. फोंड्याहून आलेल्या एका व्हायोलिनच्या ए तारेची खुंटी मात्र दोन्ही करत होती. सकाळी अडकायची, जोर लावून सोडवली की दुपारी सुटायची. वादक बाई रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये वाजवतात आणि एरवी देवळातल्या नाट्यगीतांना साथ करतात. चवथ तोंडावर आलेली. "जरा घट्ट बसवून द्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

या दुहेरी वादनाचा खुंटीवर काय भार येतो ते पाहा. कॉयरमध्ये तारा जी-डी-ए-ई. साथीला बसलं की प-सा-प-सा, तेही गाणाऱ्याच्या षड्जाप्रमाणे. गायक काळी एकचा असेल, म्हणजे त्याचा सा हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीवर (सी शार्प) असेल, तर जी अर्धा स्वर चढते, डी आणि ए अर्धा स्वर उतरतात, ई दीड स्वर उतरते. आठवड्यातून दोनदा हे चढ-उतार, आणि बाईंच्या टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) फाइनट्यूनर, म्हणजे स्वर बारीक जुळवायचा स्क्रू, एकट्या ई तारेला. बाकीचं सगळं खुंट्यांवर.

तार काढून खुंटी बाहेर घेतली. चांगल्या बसलेल्या खुंटीवर दोन चकचकीत पट्टे उमटतात, कारण खुंटी पेगबॉक्सच्या, म्हणजे खुंट्या बसतात त्या मानेच्या टोकाच्या पोकळ पेटीच्या, दोन्ही भिंतींत घासत असते. इथे पट्टा एकच होता, खुंटीच्या बोटांनी धरायच्या डोक्याकडचा. पलीकडच्या भिंतीला खुंटी नीट टेकतच नव्हती. शिवाय तिच्यावर खडूचा थर, आणि त्यावर कोणीतरी राळेची पूड चोळलेली. राळ चिकटते आणि मग झटक्यात सुटते, त्यामुळे खुंटी सरळ न फिरता उड्या मारते. खडू तात्पुरता धरतो खरा, पण तो भोक खातो. दरवर्षी खडू लावत गेलं की भोक मोठं होतं, खुंटी आत सरकते, आणि खुंटीतलं तार ओवायचं छिद्र भिंतीत शिरू लागतं.

सकाळी अडकण्याचं कारण हवेत होतं. लाकूड रेषेच्या, म्हणजे उभ्या तंतूंच्या, दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं फुगतं. खुंटीचा छेद वर्षवलयांच्या दिशेने जास्त आणि त्यांना काटकोनात साधारण निम्मा फुगतो, म्हणून गोल खुंटी दमट हवेत लंबगोल होते. भिंतीतलं भोकही लंबगोल होतं. हे दोन आकार एका ठिकाणी जुळतात आणि पाव फेरीवर अडतात.

पण त्यामुळे दुपारी ती का सुटावी? म्हणून पेगबॉक्सची भिंत विजेरीखाली धरली, खुंटी रिकाम्या भोकात घालून हलकेच आत दाबली. भोकाच्या कडेपासून लाकडाच्या रेषेबरोबर स्क्रोलकडे, म्हणजे मानेच्या टोकाच्या वळशाकडे, जाणारी केसाएवढी चीर उघडली. दाब काढला की मिटली. सगळं कोडं तिथेच सुटलं. खुंटी निमुळती असते, ती पाचरीसारखी भिंत फाकवते. जितकी दाबाल तितकं भोक उघडतं, खुंटी आणखी सैल होते, म्हणून माणूस आणखी दाबतो. व्हायोलिनमध्ये ए खुंटीपाशी ही चीर वरचेवर सापडते. बाईंना स्पष्ट सांगितलं, चवथीला दुसरं वाद्य घ्या; या खुंटीला आता हात लावायचा नाही.

चिरेत पाणी घालून पातळ केलेला गरम सरस सोडला. सरस दुहेरी भांड्यात, साठ अंशांच्या आसपास. उकळला तर त्याची ताकद जाते. दाब देऊन-काढून तो आतपर्यंत ओढून घेतला, बाहेर आलेला कोमट ओल्या फडक्याने पुसला, आणि कॉर्कचे तुकडे ठेवून शिकंजा बेताने आवळला. कोरड्या दिवसांत एक रात्र पुरते, पावसाळ्यात मी दोन दिवस हात लावत नाही.

नुसती चिकटवलेली चीर खुंटीच्या दाबाने पुन्हा उघडते. म्हणून दोन्ही भोकं रीमरने (भोक निमुळतं कोरायचं हत्यार) स्वच्छ करून त्यांत बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या निमुळत्या गुट्ट्या सरसाने बसवल्या, वाळल्यावर भिंतीच्या पातळीला कापल्या, मधोमध लहान छिद्र पाडलं आणि नव्याने रीम केलं. व्हायोलिनच्या खुंटीचा उतार एकास तीस, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने कमी. रीमर एकाच दिशेने फिरवायचा, उलट नाही. दोन फेऱ्या, मग खुंटी घालून पाहायची, पुन्हा दोन फेऱ्या. इथे घाई केली की सगळं काम वाया. जुनी खुंटी शिसपेन्सिल तासावी तशा शेपरमधून तासून गोल केली. भोक आता लहान झाल्याने ती चालली. डोक्याकडे व्यास साडेसात मिलिमीटर राहिला. पातळ खुंटीला एका फेरीत तार कमी ओढली जाते, त्यामुळे स्वर लावणं सोपं जातं.

दोन्ही पट्टे सारखे उमटेपर्यंत जुळवलं, मग फक्त त्या पट्ट्यांवर पेग कंपाउंड, म्हणजे खुंटी अडकू नये आणि घसरूही नये म्हणून लावायचा लेप, अगदी पातळ. टोक बाहेरच्या भिंतीच्या पातळीला कापून गोलसर केलं. तारेचं नवं छिद्र डोक्याच्या भिंतीकडे थोडं सरकवून पाडलं. तारेचे वेढे डोक्याकडे जायला हवेत, म्हणजे तार खुंटीला आत धरून ठेवते. पण शेवटचा वेढा भिंतीला टेकावा, रेटू नये. जुना वेढा रेटत होता, चिरेला त्याचाही हात असणार.

टेलपीस बदलून चारही तारांना फाइनट्यूनर असलेला घातला. आता ए आणि डी अर्धा स्वर स्क्रूवर उतरतात, त्यांच्या खुंट्यांना हात लावावा लागत नाही. ई तारेची दीड स्वराची उतरण मात्र खुंटीवरच करावी लागते, आणि ती करताना खुंटी आधी किंचित बाहेर ओढून मग फिरवायची, एवढं बाईंकडून माझ्यासमोर करून घेतलं.