माँत्रोला जाताना मार्कर न्या

“फ्रेडीची समाधी कुठे आहे गं?” लेकीनं विमानात विचारलं.

नाहीच, म्हटलं. 24 नोव्हेंबर 1991 ला ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लंडनच्या राहत्या घरी वारला. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या, दहन झालं. अस्थी कुठे ठेवल्या ते मेरी ऑस्टिन या त्याच्या जिवलग मैत्रिणीनं आजवर उघड केलेलं नाही. मग ज्याला फूल वाहावंसं वाटतं त्यानं जायचं कुठे? लंडनच्या घराला उंच भिंत आहे आणि ते खाजगी आहे. त्यामुळे माणसं स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठावर, माँत्रोला जातात. आम्हीही तेच केलं.

मला फ्रेडी मिळाला तो मामेभावाकडून, साठ मिनिटांच्या कॅसेटवर. कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, तीही अशी की पहिल्या गाण्याचा पहिला शब्दच उडालेला. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. कॉलेजात असताना एका सकाळी बाबांनी पेपरातली लहानशी बातमी वाचून दाखवली, “तुझा तो गाणारा गेला.” आजाराचं नाव आलं तसा त्यांनी आवाज खाली केला आणि पेपर मिटला. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. मी दुपारी कॅसेट लावली आणि दार लावून घेतलं, एवढाच काय तो माझा शोक.

त्याहून जास्त लागलं ते पुढे केव्हातरी वाचलेलं. हा फरुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, आठ वर्षांचा असताना बोटीनं मुंबईला आला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच त्यानं ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. आणि आमची आठवीची सहल त्याच पाचगणीत! बाईंनी टेबललँडवर पांडव राहिले होते ती गुहा दाखवली. तो राहिला होता ती शाळा कुणी दाखवली नाही. बाईंना तरी कुठे ठाऊक असणार म्हणा.

असो. जाण्याचं सांगते. जिनिव्हा विमानतळाच्या खालूनच थेट गाडी मिळते, साधारण सव्वा तासात माँत्रो. गाडीत उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. लोझान सोडलं की एका बाजूला द्राक्षांचे मळे आणि दुसऱ्या बाजूला पाणी, ते चुकवू नका. तिकीट आधीच स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर काढलं आणि ठरलेल्या गाडीचं घेतलं, तर बऱ्यापैकी स्वस्त पडतं. स्टेशन वरच्या अंगाला आहे आणि सरोवर खाली, मध्ये पायऱ्या. चाकांची बॅग असेल तर हात भरून येतो, सामान कमी ठेवा.

आम्ही एक मूर्खपणा केला, रविवारी संध्याकाळी पोचलो. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद. बरोबर आणलेल्या दशम्यांवर रात्र काढली. लेकीची फुलं घ्यायची हौसही राहून गेली. तुम्ही फुलं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. आणखी एक, हॉटेलात उतरताना रिव्हिएरा कार्ड मागून घ्या. मुक्काम असेल तर ते मिळतं आणि त्यावर तिथल्या बसला पैसे पडत नाहीत. आपले दोन गोल पिनांचे मोबाइल चार्जर तिथल्या सॉकेटात बसतात. लॅपटॉपची आपली जाडी तीन पिनांची वायर मात्र बसत नाही.

सकाळी आठलाच पुतळ्यापाशी गेलो. बाजारचौकात, पाण्याच्या अगदी कडेला, तीन मीटर उंचीचा ब्राँझचा फ्रेडी उभा आहे. हात वर, मूठ आवळलेली, तोंड सरोवराकडे. शिल्पकार इरेना सेडलेत्स्का. 25 नोव्हेंबर 1996 ला अनावरण झालं तेव्हा त्याचे वडील आले होते आणि त्याच्याबरोबर गायलेली ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाय्येही. लंडनमध्ये पुतळ्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो इथे आला. ज्या शहरात त्याचं सगळं घडलं त्याला चार फूट जागा निघू नये, याचा मला अजून राग येतो.

सकाळी जाण्यात एक चूक झाली. सूर्य मागच्या डोंगरावरून येतो, त्यामुळे फोटोत चेहरा काळा. ऊन तोंडावर येतं ते दुपारनंतर, आणि सूर्य कलल्यावर तर ब्राँझ पेटल्यासारखं दिसतं. पण तेव्हा गर्दीही असते. मग सकाळी एकांत, संध्याकाळी फोटो, अशा दोन चकरा मारा. गाव एवढंसं आहे, जमतं. 5 सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस. त्या आठवड्यात चाहत्यांची जत्रा भरते. तुम्हाला गर्दीत गायला आवडत असेल तर तेव्हा जा आणि खोली कितीतरी आधी धरा. आम्ही नंतरच्या आठवड्यात गेलो आणि बरं केलं.

पायथ्याशी कोमेजलेले गुलाब, विझलेल्या मेणबत्त्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं एक पत्र. लेक म्हणाली, “आई, हे आपल्याकडच्या पारासारखंच आहे.” खरंच होतं.

पण बहुतेक लोक पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि बोटीत बसून निघून जातात. तसं करू नका. काठाकाठानं चालत कसिनोत जा. क्वीननं 1979 मध्ये विकत घेतलेला माउंटन स्टुडिओ याच इमारतीत होता. गायक डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ हे गाणं 1981 मध्ये इथेच झालं. त्याआधीचं जुनं कसिनो 1971 च्या डिसेंबरात फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात जळालं होतं. तो धूर सरोवरावर पसरलेला पाहून डीप पर्पल या बँडनं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे जे गाणं केलं, त्याची सुरावट गिटार शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या महिन्यात वाजवतं आणि शेजाऱ्यांचे कान किटवतं. आमच्या घरीही वाजून झाली आहे.

2013 पासून स्टुडिओच्या जागी छोटं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश मोफत होता. देणगीची पेटी असते, ती, तो ज्या आजारानं गेला त्या एड्सविरुद्ध काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टसाठी. वेळा मात्र निघण्याआधी पाहून घ्या.

जागा लहान. पोशाख, टेपांचे खोके, हातानं लिहिलेली गाणी. एका कागदावर ओळ खोडून वर दुसरी लिहिलेली, तीही खोडून पुन्हा पहिलीच. मी ती बराच वेळ बघत राहिले. आतल्या खोलीत जमिनीवर एक खूण आहे. शेवटच्या दिवसांत तो इथे उभा राहून गायला. 1991 च्या मे महिन्यात ‘मदर लव्ह’ गाताना शेवटच्या कडव्याआधी थांबला, आता दमलो, उरलेलं परत आल्यावर करू, अशा बेतानं. तो परत आलाच नाही. ते कडवं पुढे क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं गायलं. गाणं आलं 1995 मध्ये, ‘मेड इन हेवन’वर. त्या अल्बमची कॅसेट मी पहिल्या पगारातून घेतली होती, ही मात्र अस्सल. शेवटी आवाज बदलतो ते मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, दुसऱ्या पट्टीत गातोय.

आमच्यापुढचा प्रत्येक जण त्या खुणेवर उभा राहून फोटो काढत होता. माझा नंबर आला आणि पाय पुढे होईना. तिथे बूट ठेवायचे? मी बाजूला उभी राहिले, वाकून खुणेला हात लावला आणि तो कपाळाला गेला. मागच्या बाईंना वाटलं माझं काही पडलं, त्याही वाकून शोधायला लागल्या. लेक हसून बेजार. पुढे त्या बाईंनाही खुणेवर चढवेना. त्याही बाजूलाच उभ्या राहिल्या.

त्या खोलीला निदान दीड तास द्या. हेडफोन्स लावून शांतपणे ऐका, पटापट पुढे जाऊ नका.

उरलेल्या वेळात शियोंचा किल्ला बघता येतो, 201 नंबरची बस नेते. तीच बस उलट्या बाजूला व्हव्हेला जाते, तिथे चॅप्लिनचा पुतळा आहे. दोन्ही छान, पण माझं मन काही त्यात नव्हतं.

निघण्याआधी पुन्हा स्टुडिओकडे गेलो. बाहेर चाहत्यांनी इतकं लिहून ठेवलंय की जागा शोधावी लागते. जपानी, स्पॅनिश, पोलिश, काय काय. माझ्याकडे फक्त बॉलपेन. खालच्या कोपऱ्यात, गुडघे टेकून, देवनागरीत ‘पाचगणीहून’ एवढंच लिहिलं. वेलांटी नीट उमटलीच नाही, तीनदा गिरवली. एव्हाना पावसानं गेलं असेल. तेव्हा जाड मार्कर बरोबर न्या, आणि खाली डाव्या कोपऱ्यात काही पुसट दिसलंच तर त्यावरून एकदा फिरवा.