खडपावरून अमेरिकेत

गेल्या अमावास्येला मोठी ओहोटी होती म्हणून आत्याबरोबर पूर्णगडच्या बाजूला खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, गेले होते. ती कोयतीने कालवं काढत होती आणि मी तिला अमेरिकेत पहिली माणसं कशी पोचली ते सांगत होते, कारण महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीच.

मी आधी वाचलेली गोष्ट अशी की सायबेरिया आणि अलास्काच्या मधे जमीन होती, मॅमथच्या मागे शिकारी त्यावरून आले, मग कॅनडावरच्या बर्फाच्या दोन अवाढव्य थरांमधे एक वाट उघडली आणि तिथून ते खाली उतरले. न्यू मेक्सिकोत क्लोव्हिसजवळ त्यांच्या भाल्यांची दगडी पाती सापडली, वय साधारण १३,००० वर्षं. त्यातली जमीन खरीच होती. हिमयुगात एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता, आणि ही जमीन, तिला बेरिंजिया म्हणतात, म्हणजे काही अरुंद पूल नव्हता, उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरहून रुंद असा प्रदेशच होता तो, आणि जनुकांवरून असं दिसतं की या लोकांचे पूर्वज त्याच भागात कुठेतरी काही हजार वर्षं बाकी जगापासून वेगळे राहिले.

पण चिलीच्या दक्षिणेला मोंते व्हेर्दे नावाची जागा आहे, तिथे पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांच्या टीमला १४,५०० वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली. म्हणजे ती बर्फामधली वाट गवत आणि जनावरांसकट चालण्याजोगी व्हायच्या आधीच माणसं पार खाली पोचलेली. आणि तिथे काय सापडलं, तर समुद्री शेवाळाच्या नऊ जाती, काही तर चावून टाकलेले चोथे! वस्ती तेव्हाच्या मोकळ्या समुद्रापासून ९० किलोमीटर आत होती तरीही. ज्याला किनारा अंगवळणी पडलाय तोच हे करणार ना.

पहिली माणसं समुद्राच्या काठाकाठाने आली, ही पुरातत्त्वज्ञ जॉन अर्लंडसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मधे मांडलेली कल्पना मला म्हणूनच एकदम पटते. पॅसिफिकच्या काठाने जपानपासून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत केल्प नावाच्या शेवाळाची पाण्याखाली जंगलं आहेत, मधल्या गरम पट्ट्यात नाहीत, पण पुढे पेरू-चिलीला परत आहेत. त्यांच्या आसऱ्याने मासे, शिंपले, सील, सगळं. मुख्य म्हणजे पुढच्या किनाऱ्यावर नवीन काही शिकायला लागत नाही. दाभोळच्या बाईला मालवणच्या खडपावर सोडा, ती पहिल्या ओहोटीला कामाला लागेल, पण तिलाच घाट चढवून देशावर नेलं तर कुठली भाजी खायची इथपासून विचारावं लागेल.

आणि "का आले" याचं उत्तरही मला यातच दिसतं. कुणाला अमेरिका गाठायचीच नव्हती, अमेरिका आहे हेच माहीत नव्हतं. एका खडपावरचं खाणं कमी झालं, घरं वाढली, मुलगी पलीकडच्या खाडीत दिली, तिच्या मागून भाऊ गेला, असंच असणार. वर्षाला दहा किलोमीटर जरी सरकलं तरी दीड हजार वर्षांत पंधरा हजार किलोमीटर होतात. सगळे काठानेच गेले असं मी म्हणत नाही, न्यू मेक्सिकोतच व्हाइट सँड्सला आटलेल्या तळ्याकाठी २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वीचे पायाचे ठसे निघालेत, म्हणजे आतही माणसं होती, आणि तीही खूप आधी.

काठाने आल्याचा पुरावा कमी मिळतो कारण तो काठच बुडाला. बर्फ वितळला, समुद्र वर आला. आपलाही तेव्हाचा किनारा इथून कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता, जिथे आज ट्रॉलर फिरतात तिथे कुणीतरी चूल मांडली असेल, हे मनात आलं की मला समोरचं पाणी वेगळंच दिसायला लागतं.

एक जागा मात्र वाचली. ब्रिटिश कोलंबियातलं कॅलव्हर्ट बेट. तिथे जमीन आणि समुद्र दोन्ही असे वरखाली झाले की किनारा फार हललाच नाही, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच, वाळूखालच्या चिकणमातीत २९ ठसे सापडले. १३,००० वर्षांपूर्वीचे, अनवाणी, निदान तिघांचे, त्यात एक लहान पाऊल. होडीतून उतरून कोरड्या जागेकडे चालले असावेत असा संशोधकांचा अंदाज आहे.

हे मी आत्याला सांगितलं. तिने हातातलं कालव टोपलीत टाकलं आणि विचारलं, "पोर होतं म्हणतेस ना त्यांच्यात?"

हो म्हटलं.

"मग लांबच्या वाटेला नसतील गो लागलेले. ओहोटीला आले असतील, आपल्यासारखे."