आजोबांच्या होडीखालचं स्वयंपाकघर

"मग इथं कुणाचं गाव उठवलं?" आईने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही नेदरलँड्समधल्या झेवोल्डे गावाच्या बांधावर उभ्या होतो, वारा असा की तिने पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षं या देशात राहते मी, ऑफिसात पाहुणे आले की "इथे समुद्र हटवून जमीन केलीये" हे मीच कौतुकाने सांगत असते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आईला पाच मिनिटांत पडला.

आईचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनी धरणात गेलं. १९६९ ला काम सुरू झालं, १९८० ला धरण पूर्ण झालं, आणि मधल्या कुठल्यातरी वर्षी ती बारा-तेरा वर्षांची असताना घराच्या चौकटी, वासे, जातं असं सगळं बैलगाडीत घालून ते पुनर्वसनाच्या गावठाणात आले. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे धरण, बांध, पाणी म्हटलं की तिचं पहिलं लक्ष भिंतीकडे जात नाही, भिंतीच्या आत काय होतं तिकडे जातं.

तर ती एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी आली होती. अ‍ॅमस्टरडॅम, कालव्यातली बोट, पवनचक्क्या, सगळं झालं. कॉयकनहॉफला ट्युलिप बघायला गेलो तर फुलांपेक्षा माणसंच जास्त, आईचे गुडघे दुखायला लागले आणि बसायला बाक मिळेना. त्या रात्री ती म्हणाली, "आता जरा माणसं नसतील तिथं ने." म्हणून झेवोल्डे. ऑफिसातल्या एका डच मैत्रिणीने सुचवलं होतं, तळ्याकाठचं गाव, स्टेशन नाही, बघण्यासारखं फार काही नाही, शांत आहे. मी दोन रात्रींसाठी एका बाईंच्या घरातली वरची खोली घेतली.

जाण्याचं मात्र माझं चुकलंच. आम्स्टेलवेनहून निघून आमर्सफोर्टला गाडी बदलून हार्डरवाइकला उतरलो, पुढची बस अ‍ॅपवर दिसत होती पण स्टॉपवर आलीच नाही, रविवार संध्याकाळ, पुढची तासाभराने, थंडी, आई बॅगेवर बसलेली. मला फार वाईट वाटलं. ज्येष्ठ माणसांना घेऊन रविवारी बसच्या भरवशावर निघू नका, एवढं कळकळीने सांगते. शेवटी उशीर होईल हे कळवायला मी त्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या थांबा तिथेच, आणि वीस मिनिटांत स्वतः गाडी घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर हात हलवून नाही म्हणाल्या. डच लोक कॉफीसोबत एकच बिस्किट देऊन डबा बंद करतात अशी तक्रार मी सहा वर्षं करत आलेय, ती मी त्या संध्याकाळी मनातल्या मनात मागे घेतली.

हार्डरवाइकहून निघालं की रस्ता एकदम खाली जातो आणि वरून पाण्याचा पूल जातो. म्हणजे आपण गाडीने खालून आणि होडी डोक्यावरून. २००२ साली केलेला हा छोटासा जलसेतू आहे, लांबी जेमतेम २५ मीटर, पण आमच्या वेळेला नेमकी एक शिडाची होडी वरून चालली होती. आई काचेला नाक लावून बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे पाणी वर आणि आपण खाली?" बाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आता झोपून उठेपर्यंत तुम्ही खालीच.

आणि तसंच आहे ते. आईसाठी मी रात्री कागदावर काढून दाखवलं. पूर्वी इथे झाउडरझे नावाची समुद्राची खाडी होती, देशाच्या पोटात शिरलेली. कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरने १८९१ मध्येच ती बंद करायचा आराखडा केला होता पण तो तसाच पडून राहिला, १९१६ च्या जानेवारीत मोठा पूर आला, त्यात महायुद्धाने धान्याची टंचाई, तेव्हा कुठे १९१८ ला कायदा झाला. १९३२ ला ३२ किलोमीटरचा बांध घालून खाडीचं तोंड बंद केलं, आतलं पाणी नद्यांमुळे हळूहळू गोडं झालं, आणि मग एकेका तुकड्याला बांधाचं कडं घालून आतलं पाणी पंपाने उपसत गेले. झेवोल्डे ज्या तुकड्यावर आहे तो १९६८ ला कोरडा झाला. गाव म्हणून नोंद १९८४ ची. म्हणजे हे गाव माझ्या दादापेक्षा दोनच वर्षांनी मोठं. इथे जुनं देऊळ नाही, वाडा नाही, पार नाही. झाडंसुद्धा माणसांनी लावलेली, गावाबाहेरचं ते मोठं पानझडी जंगल धरून.

तळ्याचीही गंमत आहे. वोल्डरवाइड नाव. मला वाटायचं तळं आधीपासूनचं असेल आणि गाव त्याच्या काठी वसवलं असेल. तसं नाहीये, ते तळं म्हणजे मुद्दाम न उपसलेला समुद्र आहे. आधीच्या एका तुकड्यात त्यांनी नवी जमीन थेट जुन्या जमिनीला जोडली होती, तर जुन्या जमिनीचं भूजल नव्या खोलगट जमिनीकडे ओढलं गेलं आणि तिकडची शेतं सुकायला लागली. त्यातून शिकून पुढच्या वेळी मध्ये पाण्याची पट्टी सोडली. हे आईला एका वाक्यात समजलं. "वरच्याची विहीर आटली असणार," म्हणाली. मला ते समजून घ्यायला दोन लेख वाचावे लागले होते.

सकाळी सहाला आईने उठवलं. बांध घरापासून पाच मिनिटांवर. इथे सूर्य पाण्यावर उगवतो, पलीकडच्या जुन्या किनाऱ्याच्या झाडांमागून, आणि मावळतो मात्र आपल्या पाठीमागे शेतांवर. पाणी जवळजवळ पांढरं दिसत होतं, दोन हंस, एक म्हातारा कुत्र्याला घेऊन, बाकी कोणी नाही. बांधावर उभं राहून डावीकडे पाणी बघायचं आणि उजवीकडे घरांची छपरं, आणि पाणी घराच्या अंगणापेक्षा वर आहे हे डोळ्यांना दिसतं. तिथेच तिने तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, कुणाचंच नसेल गं, समुद्र होता. ती म्हणाली, "पाणी होतं म्हणजे कुणाचं तरी असणारच की."

नाश्त्याला मी तो प्रश्न बाईंना विचारला, माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये. मला वाटलं त्या हसतील. त्या उठल्या, पलीकडच्या खोलीतून एक जुना नकाशा आणला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, आणि टेबलावरची जॅमची बाटली बाजूला सरकवून पसरला. त्यावर झेवोल्डे नव्हतंच. निळं होतं सगळं. त्यांनी हार्डरवाइकवर बोट ठेवलं, हे आमचं गाव. आजोबा कोळी होते, हेरिंग आणि अँकोव्ही पकडायचे. बांध झाला, खारं पाणी गेलं, ती मासळी संपली. सरकारने १९२५ मध्येच कोळ्यांना मदत द्यायचा कायदा केला होता, पण मदत म्हणजे समुद्र नव्हे, असं त्या म्हणाल्या. आजोबांनी होडी विकली आणि कारखान्यात लागले. मग त्यांनी बोट नकाशावरच्या निळ्या भागात आणलं, आम्ही बसलो होतो तिथे साधारण, आणि दुसऱ्या हाताने वर, छताकडे दाखवलं. "आजोबा तिथे जाळं टाकायचे."

मी आईला मराठीत सांगितलं. आईने वर बघितलं. साधं पांढरं छत, मध्ये दिवा, दिव्याच्या दांड्यावर थोडी धूळ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांग, आमच्या चुलीवरनं आता होड्या जातात."

मी सांगितलं. मला 'चूल' साठी शब्द सापडेना म्हणून 'स्वयंपाकघर' म्हटलं, आणि मग सगळंच सांगत बसले, भीमा, उजनी, पळसदेवचं पाण्यातलं देऊळ, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते कसं वर येतं आणि लोक बघायला जातात. बाईंनी आईचा हात हातात घेतला. कोणी रडलं वगैरे नाही. मीच उठून उगाच किटली भरायला गेले, कारण मला तिथे बसवेना. माझी आई इतकी वर्षं हे आम्हालाच सांगत आलीये आणि आम्ही "हो गं, माहितीये" म्हणून ऐकत आलोय, आणि इथे भाषा न येणाऱ्या एका बाईला ते एका वाक्यात पोचलं. याची मला लाज वाटते, आजही वाटते.

त्यानंतर त्या दोघींना माझी गरजच उरली नाही. दिवसभर बागेत. बाईंनी घेवड्यासारख्या कसल्याशा वेलाला काठ्या लावायला घेतल्या होत्या, आई खुरपं मागून (हाताने खुणा करून, आणि मिळालं!) तण काढायला बसली, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी म्हटलं कशाला, तर म्हणे माती चांगली आहे, हात घालावासा वाटतो. खरंच चांगली आहे, काळपट करडी, जड, ओली. आणि तिच्यात शिंपले. खुरप्याच्या प्रत्येक फटक्याला पांढरे तुकडे वर येत होते, नखाएवढे, काही अख्खे, बाहेरून रेघारेघांचे. आईने एक अख्खा काढून पाण्याखाली धरला, अंगठ्याने आतली माती काढली आणि उन्हात पालथा ठेवला. बाई म्हणाल्या की ८५ साली त्या नवऱ्यासोबत इथे राहायला आल्या तेव्हा नुसता चिखल आणि वारा होता, झाडं कमरेएवढी. त्याच्याही आधी, पाणी उपसल्यावर, विमानातून रीडचं, म्हणजे आपल्या नदीकाठच्या बोरूसारख्या गवताचं बी टाकलं होतं, ते जमिनीतलं पाणी पितं आणि चिखल पाय ठेवण्याजोगा होतो. मग ते काढून पहिलं पीक रेपसीडचं, मोहरीच्या जातीचं. सरकार आधी काही वर्षं स्वतःच शेती करायचं आणि जमीन तयार झाली की शेतकऱ्याला द्यायचं. हे ऐकून आई गप्प झाली. तिच्या वडलांना बदल्यात मिळालेल्या जमिनीत मुरूम होता, ते आयुष्यभर दगड वेचत होते. ती एवढंच म्हणाली, "तयार करून दिली होय." मी ते भाषांतर केलं नाही.

संध्याकाळी बाई आम्हाला स्लूसवर, म्हणजे होड्या वर-खाली करायच्या पाण्याच्या दारांपाशी, घेऊन गेल्या. ब्लाउव द्रोमर नाव, म्हणजे निळा स्वप्नाळू. तळ्यातली होडी पोल्डरमधल्या, म्हणजे पाणी उपसून काढलेल्या या जमिनीतल्या, कालव्यात उतरवायची असेल तर इथून. एक जोडपं छोटी पांढरी बोट घेऊन आलं, मागचं दार बंद झालं, आणि पाणी उतरायला लागलं, आवाज न करता. आधी त्या माणसाचा चेहरा आमच्या चेहऱ्यासमोर होता, मग त्याची टोपी आमच्या पायाशी, मग तो मान वर करून आमच्याशी बोलत होता, ओल्या भिंतीवर शेवाळाचे पट्टे उघडे पडत होते. आईने कठडा धरून खाली वाकून सगळं बघितलं. पुढचं दार उघडलं आणि बोट गेली शेतांमधून. ते संपल्यावर आई म्हणाली अजून एक बोट येते का बघू. आम्ही पाऊण तास थांबलो. आली.

बाकी गावात काही नाही हे मैत्रिणीचं म्हणणं तसं बरोबर आहे. एक शिल्प बघितलं, रिचर्ड सेराचं, बागेत काँक्रीटच्या दोन लांबच लांब भिंती, प्रत्येकी २०० मीटर, नाव 'सी लेव्हल'. भिंतीचा वरचा काठ सपाट जातो आणि जमीन खाली-वर होते, त्यामुळे चालता चालता भिंत गुडघ्याएवढी असते ती डोक्याच्या वर जाते. मला आवडलं, आईला थंडी वाजत होती. पवनचक्क्या क्षितिजभर, ८३ आहेत म्हणे, आणि इथल्या शेतकऱ्यांच्या आणि रहिवाशांच्याच मालकीच्या. मध्ये एका मोठ्या अमेरिकन कंपनीला इथे प्रचंड डेटा सेंटर बांधायचं होतं, २०२२ च्या गावच्या निवडणुकीत लोकांनी विरोध करणाऱ्या पक्षाला निवडून दिलं आणि त्या वर्षी ते बारगळलं. बाईंनी हे सांगताना टेबलावर बोट आपटलं होतं, ही जमीन त्यासाठी काढली नव्हती पाण्यातून, म्हणून. मला ते पटलं.

निघताना बाईंनी रव्याच्या लाडवांचा रिकामा डबा धुऊन परत दिला, त्यात घेवड्याच्या बिया घालून. आईने शिंपला रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला होता, विमानतळावर सिक्युरिटीत काढून घेतील का म्हणून चार वेळा विचारलं. नाही घेतला कोणी.

परवा पुण्याहून फोन आला. मामा सांगत होता म्हणे, पाणी खूप खाली गेलंय, आमच्या विहिरीचं थारोळं, मोटेचं पाणी पडायचं ती दगडी जागा, उघडं पडलंय, मोटेच्या दोराने दगडाला पडलेल्या खाचासुद्धा दिसतात. शनिवारी जाणार आहे ती, दादा गाडी काढतोय. फोटो काढून पाठवते म्हणाली, मला नव्हे, त्यांना, मी फक्त खाली डचमध्ये लिहून द्यायचं. तेव्हापासून शोधतेय, थारोळ्याला डचमध्ये काय म्हणतात.