श्रीहरिकोटा: उड्डाण पाहायला जाणाऱ्यांनी सुल्लुरपेटापासूनच सावध व्हावे

श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत बसण्यासाठी इस्रो एक रुपयाही घेत नाही, हे आम्हाला जळगावहून निघण्यापूर्वी कोणी सांगितले असते, तर सहा जणांचे ४,२०० रुपये वाचले असते. सहली ठरवून देणाऱ्या एका गृहस्थाने माणशी ७०० रुपये ‘पास’ म्हणून घेतले आणि नियंत्रण कक्षही आतून दाखवला जाईल, असा शब्द दिला. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते. उड्डाणाच्या थोडे दिवस आधी ती सुरू होते आणि जागा झपाट्याने भरतात, म्हणून तारीख जाहीर झाल्यापासून रोज लक्ष ठेवावे. नोंदणीत दिलेलेच ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ बाळगावे.

पैशांपेक्षा नियंत्रण कक्षाचे दुःख मला अधिक झाले, कारण मी खरे तर त्यासाठीच निघालो होतो. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या नव्या नियंत्रण केंद्राचे लोकार्पण राष्ट्रपती या नात्याने प्रतिभाताई पाटील यांनी केले होते, आणि आपल्या जिल्ह्याच्या लेकीने देशाला अर्पण केलेली ती वास्तू एकदा डोळ्यांनी पाहावी, असे फार दिवस मनात होते. उड्डाणाच्या वेळी तिथे सर्वसामान्यांना प्रवेश नाही, आणि तो नसणेच योग्य आहे, हे आता मला मान्य आहे. पीएसएलव्ही या उपग्रह वाहून नेणाऱ्या यानाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन घन इंधन असते. ते श्रीहरिकोट्यातच ओतून तयार केले जाते, आणि एकदा पेटल्यावर ते विझवता येत नाही. म्हणून दुसऱ्या व चौथ्या टप्प्यांत द्रव इंधन भरणे, वारा व हवामान पाहणे, यानाचा माग घेणारी रडार यंत्रणा सज्ज आहे का ते तपासणे आणि सगळे ठीक असेल तरच उड्डाणाला परवानगी देणे, हे सारे काम पेटण्यापूर्वीच्या त्या तासांत तिथे चाललेले असते. गॅलरीतल्या मोठ्या पडद्यांवर त्यातले बरेच दिसते. तेवढ्यावर समाधान मानावे.

खरा त्रास सुल्लुरपेटा हे जवळचे रेल्वे स्थानक ते श्रीहरिकोटा या सुमारे १८ किलोमीटरांचा आहे. जळगाव ते गूडूर रेल्वेने आणि तिथून लोकल गाडीने सुल्लुरपेटा, इथपर्यंत काहीही अडचण आली नाही. दशम्या आणि ठेचा दुसऱ्या दिवशीही पुरला. सुल्लुरपेट्यात मात्र एका गाडीवाल्याने जाऊन-येऊन ३,००० रुपये ठरवले आणि परतीच्या वेळी, अंधार पडल्यावर, आणखी २,५०० मागितले. आम्हाला तेलुगू येत नव्हते, त्याला हिंदी जेमतेम येत होती, आणि दुसरी एकही रिकामी गाडी नजरेत नव्हती. ‘आते काय करानं?’ असे म्हणून माझा पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला, आणि मी पैसे दिले. तुम्ही देऊ नका. जाण्या-येण्याचे मिळून किती, थांबण्याचे किती आणि उड्डाण लांबले तर किती, हे कागदावर लिहून घ्या आणि निम्मी रक्कम सुल्लुरपेट्यात परत उतरल्यावरच द्या.

हा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना पाणी किंवा चिखल, सावलीला झाड नाही, आणि उड्डाणानंतर सगळी वाहने एकाच वेळी बाहेर पडतात. आम्हाला परतायला तीन तास लागले. भुसावळचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला ऊन जाणवणार नाही, असे मला वाटले होते, परंतु तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथे कामाला येत नाही. माणशी किमान तीन लिटर पाणी गाडीत ठेवा. लहान मुलांना या गर्दीत नेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो.

आदल्या दिवशी नेलपट्टू अभयारण्यातले पक्षी पाहिले आणि चेंगाळम्मा देवीचे दर्शन घेतले. दोन्ही सोपे आहे.

आता उड्डाणाविषयी. आधी झाडांच्या रेषेवर नुसता उजेड दिसला, इतका पिवळाजर्द की डोळे आपोआप बारीक झाले. यान वर चढत होते आणि तरीही कानांवर काहीच येत नव्हते. मग आवाज आला, आणि तो छातीच्या फासळ्यांत घुमला. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा हात घट्ट धरला होता, हे मला यान ढगांत शिरल्यावर कळले. त्या काही मिनिटांसाठी मी पुन्हा ते ५,५०० रुपयेही देईन, पण तुम्हाला ते द्यावे लागू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

परतीचे तिकीट उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवसाचे काढू नका. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे चांद्रयान-२ चे उड्डाण अवघी ५६ मिनिटे उरली असताना थांबवले गेले आणि ते २२ जुलैला झाले. आठवडाभर कोणी थांबू शकत नाही, हे खरे. तरी दोन दिवस हाताशी ठेवा, मुक्काम सुल्लुरपेट्याऐवजी चेन्नईत करा आणि तिथून पहाटेची लोकल पकडा. सुल्लुरपेट्यातल्या खोल्या उड्डाणाच्या आठवड्यात महाग असतात, आणि आम्हाला मिळालेल्या खोलीत पंखाही चालत नव्हता.