मोती कोणाचा?

"तो आता आमचा आहे," असे त्या बाईंनी आज दारातच मला सांगितले, तेव्हा आमचा हरवलेला कुत्रा मोती आम्हा दोघींच्या मध्ये उभा राहून शेपटी हलवत होता.

त्यांनी त्याला निवारा केंद्रातून रीतसर दत्तक घेतले होते. मी लसीकरणाचे कार्ड, तो पिल्लू असतानाचे फोटो आणि त्याच्या त्वचेखालच्या मायक्रोचिपचा 15 अंकी क्रमांक पुढे केला. ती चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. स्कॅनर फिरवल्यावरच क्रमांक दिसतो आणि नोंदणीतून मालकाचा पत्ता लागतो. दत्तक देण्यापूर्वी केंद्रात कोणी तेवढे केले असते, तर ही वेळ आमच्यापैकी कोणावरच आली नसती, आणि याचा मला मनापासून राग आहे.

पण मनात रुतून बसले ते त्यांचे पुढचे वाक्य. "वीज कडाडली की तो माझ्या मुलाच्या पलंगाखाली जातो." आमच्याकडे तो आईच्या पलंगाखाली जात असे. त्यांनी त्याला नुसते खाऊ घातले नव्हते, त्याची भीतीही ओळखली होती.

मी माझा हक्क सोडणार नाही, कारण आई अजूनही त्याची वाट पाहते. मात्र त्या मुलाला हे कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे?