सेकंडहँड ॲक्टिव्हा ५जी: बेल्टबॉक्स झाला, ब्रेक बाकी

गाडी २०१८ ची, मीटरवर ४१,३०० किमी. रोज कोथरूड-हिंजवडी आणि रविवारी ताम्हिणी घाट, एवढंच तिच्याकडून हवंय.

कागद आधी उरकले. आरसीवर बँकेचा बोजा होता, म्हणून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्यावरच पैसे दिले. नावबदलीला फॉर्म २९ आणि ३०. चलनं बाकी असतील तर ती विकणाऱ्यानेच भरायची. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, त्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागलीय का तेही पाहिलं.

मीटरवर विश्वास ठेवू नये. मागच्या टायरवर ३५१८ छापलंय, म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा. तारखेवरून टायर मूळचा वाटतो. ४१ हजार किमी एकाच मागच्या टायरवर होत नाहीत, तेव्हा एक तर मीटर खोटं, नाहीतर टायर दुसऱ्या गाडीचा. दोन्हीकडून टायर बाद.

गाडी निघताना थरथर आणि ५५ च्या पुढे न सरकणं, ही तक्रार इंजिनाची वाटते, पण बेल्टबॉक्स (बेल्ट, पुली आणि क्लच असलेली बाजूची पेटी) उघडल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये. उघडल्यावर दिसलं ते असं: पुढच्या पुलीतले सहाही रोलर (वेग वाढला की बाहेर सरकून पुली आवळणारी वजनं) एका बाजूने चपटे. चपटा रोलर पुलीतल्या उतारावर (रॅम्पवर) पूर्ण चढत नाही, बेल्ट पुढच्या पुलीत वर येत नाही आणि टॉप स्पीड मरतो. थरथर मात्र क्लचची: शू (क्लचचे घासून पकडणारे तुकडे) काचेसारखे गुळगुळीत आणि बेलला, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या वाटीला, निळे डाग. शू पॉलिश पेपरने घासून पाहिले, बेल साफ केली. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. थरथर परत आली तर शू आणि बेल जोडीनेच बदलायचे.

बेल्ट बसवताना गल्लत इथेच होते. मागची पुली हाताने फाकवून बेल्ट आत दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल पडतो. नाही केलं तर पुढच्या पुलीचा नट बॉसऐवजी (पुलीच्या मधल्या नळीऐवजी) बेल्टवर आवळला जातो. चार दिवसांत नट सैल पडतो आणि क्रँकच्या (इंजिनाच्या दांड्याच्या) खाचा खाल्ल्या जातात. त्या दुरुस्तीपुढे बेल्टची किंमत काहीच नाही. पुलीच्या तोंडावर ग्रीसचा थेंबही नको.

एअर फिल्टर तेलाचा लेप असलेल्या कागदाचा आहे. हवा मारून साफ होत नाही, सरळ नवा घातला. गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे पाणी शिरलंय. पावसात गाडी बुडाली असणार. ते बदललं, पण ५०० किमीनंतर पुन्हा काढून बघायचं.

पुढच्या सस्पेन्शनची लिंक अजून वाजते. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक मागे-पुढे हलवलं की लिंकच्या बुशांचा (सांध्यातल्या नळ्यांचा) खेळ हाताला कळतो.

राहिले ब्रेक. मागच्या ब्रेकप्लेटवरचा झीज दाखवणारा बाण शेवटच्या खुणेला टेकलाय. ताम्हिणी उतरताना वेग पडला की क्लच सुटतो आणि इंजिन गाडी अडवत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर. किंचित ॲक्सिलरेटर दिला की क्लच परत धरतो, पण ब्रेकचे लायनर बदलेपर्यंत गाडी हिंजवडीपुरतीच.