तुकोबा : पूल की मुक्काम?

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, हे ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे म्हणणे आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या फार आवडीचे आहे. त्यात दुसऱ्या धर्माविषयी आदर दिसतो आणि आपला पैलतीरही शाबूत राहतो. मला मात्र ते अलीकडे अपुरे वाटू लागले आहे, कारण ओलांडलेला पूल मागे पडतो. आणि आमचे तुकोबा काय तुम्हांला पलीकडे पोहोचवण्यापुरतेच होते, असे एखाद्या वारकऱ्याने विचारले, तर त्याला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नसते.

टिळकांचे आचरण त्यांच्या या वाक्याहून मोठे होते. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी तुकोबांना निरोप दिला नाही. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते चर्चच्या मंडळ्यांत गायली जात असताना त्यांनी ‘दास’ या मुद्रिकेने अभंग रचले, टाळमृदंगावर कीर्तने केली आणि ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी होता तसाच न घेतलेल्यांसाठीही. ते पुलावरून उतरले नव्हते, असेच मी म्हणेन.

याहून वेगळा मार्ग जस्टिन अ‍ॅबट यांचा. अमेरिकन मराठी मिशनमधील अनेक वर्षांच्या सेवेनंतर मायदेशी परतलेल्या या मिशनऱ्याने उतारवयात महिपतींची संतचरित्रे इंग्रजीत आणण्याचे काम हाती घेतले, त्यातील काही पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने. संतांना ख्रिस्ती साच्यात बसवण्याची घाई तेथे नाही. तुकोबा तुकोबाच राहतात, आणि मला आदराची ही तऱ्हा अधिक सोशीक वाटते.

येथे गोव्याचीही आठवण ठेवली पाहिजे. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली राचोलला छापले गेले. त्यातील मराठीवरचे प्रेम खरे आहे यात शंका नाही. पण ज्या साष्टीत ते रचले गेले, तेथील देवळे पोर्तुगीज सत्तेने आधीच पाडली होती. ओवीवर प्रेम करणे आणि ती ओवी गाणाऱ्याच्या उपासनेचा मान राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे कॅथॉलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे म्हणेपर्यंत १९६५ साल उजाडले.

आमच्या मंडळीतील काही जण ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बायबलबरोबर तुकोबांची गाथाही वाचतात. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते; त्याला आशेची शेवटची ओळ नाही. त्यानंतर तुकोबांचा ‘माझे लेखीं देव मेला’ हा अभंग वाचला, तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. देवाशी इतके भांडता येते, आणि भांडूनही त्याच्याच दारात बसून राहता येते, हे आम्ही प्रवचनांतून क्वचितच ऐकले होते. असल्या वाचनाने विश्वास पातळ होतो, अशी एका ज्येष्ठांची तक्रार आहे. मला तर वधस्तंभावरील येशूचा ‘तू माझा त्याग का केलास?’ हा प्रश्न त्या अभंगानंतरच पूर्ण ऐकू आला.

आता तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन वाचायला घेतले आहे. ब्राह्मण स्त्रीने शूद्र तुकोबांना गुरू मानले म्हणून नवरा तिच्यावर संतापला, हा भाग आला आणि चर्चा आमच्याच घरांकडे वळली. बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या तरी सोयरीक जुळवताना मूळची जात आमच्यातही हळूच विचारली जाते. त्यावर त्या दिवशी ते ज्येष्ठच सर्वांत जास्त बोलले, आणि पुढच्या वेळी तोच भाग पुन्हा घ्यावा, असे त्यांनीच सुचवले.